परदेशी भागीदाराला माल विकताना नफ्याची वाटणी कागदावर कशी मांडायची

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीचा सौदा निघतो, तेव्हा हा भाव कुणी ठरवला असं कुणी विचारत नाही. घेणारे दहा जण समोर उभे असतात, विकणारा त्यांच्यातल्या कुणाच्या नात्यातला नसतो, जो निघाला तो भाव. पण अडत्यानं तोच माल मेव्हण्याच्या पेढीला चार रुपये कमी करून दिला, तर संध्याकाळपर्यंत यार्डभर कुजबुज होते. आयकर कायद्यातलं ट्रान्सफर प्रायसिंग म्हणजे हीच कुजबुज कलमांत बसवलेली आहे. नात्यातल्या दोन कंपन्यांनी एकमेकींना माल, सेवा, कर्ज किंवा तंत्रज्ञान दिलं, तर त्याचा भाव दोन अनोळखी व्यापाऱ्यांमध्ये निघाला असता तसाच हवा. नसेल तर अधिकारी स्वतः तो भाव धरतो आणि फरकावर कर लावतो.

हा विषय मुंबई-पुण्याच्या बड्या कंपन्यांचा, असा आपल्याकडे समज आहे. पण कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत माझ्याकडे येणारी प्रकरणं वेगळी असतात. तीस-चाळीस वर्षं चाललेली घरची फौंड्री, परदेशी गिऱ्हाईक, त्या गिऱ्हाइकानं एक दिवस भागभांडवलात घेतलेला वाटा, आणि त्यानंतर आलेला कागदांचा डोंगर. अशाच एका कंपनीचं उदाहरण घेऊन पायऱ्या सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि आकडे गणित समजावं म्हणून सोपे घेतलेत.

कंपनी ब्रेकचे आणि एक्सलचे कास्टिंग ओतून, मशीनिंग करून जर्मनीतल्या गटाला विकते. गटाकडे ४० टक्के शेअर आहेत, बाकी घरात. वर्षाचा चालू खर्च १८ कोटी, विक्री १९ कोटी २६ लाख. म्हणजे खर्चावर ७ टक्के नफा.

पहिली पायरी: आपण कायद्यानं नात्यात बसतो का?

मतदानाचा हक्क असलेले २६ टक्के शेअर हातात असले की नातं जुळलं. ही रेघ सगळ्यांना माहीत असते. बाकीच्या वाटा मात्र विसरल्या जातात. एका कंपनीनं दुसरीला दिलेलं कर्ज तिच्या एकूण मालमत्तेच्या पुस्तकी किमतीच्या ५१ टक्के किंवा जास्त असेल, एकूण कर्जाच्या १० टक्क्यांना किंवा जास्त कर्जाला हमी दिली असेल, अर्ध्याहून जास्त संचालक नेमले असतील, उत्पादन संपूर्णपणे त्यांच्या तंत्रज्ञानावर अवलंबून असेल, किंवा ९० टक्के कच्चा माल त्यांच्याकडून येऊन त्याचा भावही तेच ठरवत असतील, तरी नातं धरलं जातं. शेअर एकही नसताना नातेवाईक झालेल्या कंपन्या मी पाहिल्यात.

नातं ठरलं की व्यवहारांची यादी करा. इथं घाई नको. मालाची विक्री सगळे लिहितात. पण जर्मनीहून फुकट आलेला पॅटर्न (ज्यावरून साचा तयार होतो तो नमुना), तिकडच्या इंजिनिअरच्या आठ दिवसांच्या भेटीचं बिल, गटाच्या ईआरपीचा (हिशेब-स्टॉकच्या संगणक प्रणालीचा) वाटून आलेला खर्च, इथल्या बँकेच्या मुदत कर्जाला गटानं दिलेली हमी, हे सगळे आंतरराष्ट्रीय व्यवहारच आहेत. विक्रीचे पैसे ठरल्यापेक्षा उशिरा आले, तर थकलेली रक्कम हाही वेगळा व्यवहार मानला जातो आणि तिच्यावर व्याज धरलं जातं. आमच्या कंपनीत करारात ६० दिवस लिहिले होते, पैसे यायचे ११० दिवसांनी. "ते कुठं पळून जाणारेत, घरचेच तर हायत," असं कंपनीचे मालक आबा म्हणाले. घरचेच आहेत, म्हणून तर सगळा प्रश्न आहे.

दुसरी पायरी: वही घेऊन शॉप फ्लोअरवर जा

माझ्या मते ट्रान्सफर प्रायसिंगचं निम्मं काम या पायरीत होतं, आणि नेमकी हीच पायरी सगळे टाळतात. तयार अहवालाच्या नमुन्यात कंपनीचं नाव बदलून दिलं की झालं, अशी पद्धत बोकाळली आहे. असा अहवाल दहा मिनिटांच्या प्रश्नांतसुद्धा टिकत नाही.

जाणून घ्यायच्या गोष्टी तीन. काम कोण करतं, मालमत्ता कुणाची आहे, आणि जोखीम कोण उचलतं. त्यावरून नफा कुणाच्या वाट्याला किती यायला हवा ते ठरतं. सांगितलेलं काम करून देणाऱ्याला थोडा पण ठरलेला नफा, आणि डोकं लावून जोखीम घेणाऱ्याला जास्त नफा किंवा तोटा, हा व्यापाराचा नियम इथंही चालतो.

त्या कंपनीच्या करारात लिहिलं होतं की सर्व तांत्रिक ज्ञान जर्मन गट पुरवेल, आणि कुपवाडची कंपनी फक्त सांगितल्याप्रमाणे उत्पादन करेल. सदोष मालाची जोखीमही गटाची. मी मोल्डिंगच्या बाजूला उभ्या असलेल्या फोरमनना विचारलं, ड्रॉइंग तिकडून येतं ना?

"ड्रॉइंग त्यांचं मॅडम. पण रायझर कुठं ठेवायचा, किती जाडीचा ठेवायचा, हे आम्हीच ठरवतो. त्यांनी सांगितलेल्या जागी ठेवला होता, तर शंभरात अठरा पीस आतून पोकळ निघायचे. आता तीन."

रायझर म्हणजे साच्यातली ती जागा, जिथं जास्तीचं वितळलेलं लोखंड साठतं आणि कास्टिंग थंड होऊन आकसताना त्यातून भर पडते. त्याची जागा चुकली तर कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. त्यांच्या वहीत पेन्सिलीनं काढलेल्या आकृत्या होत्या, तारखेसकट. करार म्हणत होता ज्ञान सगळं जर्मनीचं. वही वेगळं सांगत होती.

मग अकाउंट्समध्ये येऊन डेबिट नोटांची, म्हणजे नाकारलेल्या मालाचे पैसे कापल्याच्या चिठ्ठ्यांची, फाइल काढली. रिजेक्शनच्या नोटा कुपवाडच्या नावावर, आणि कंपनीनं त्या निमूटपणे खर्ची टाकलेल्या. करारात जोखीम गटाची, पैसे मात्र इथून गेलेले. ७ टक्के नफा तुटपुंजा का दिसत होता, त्याचं अर्धं उत्तर या फाइलमध्ये होतं. अधिकाऱ्याला ही फाइल आधी दिसली असती, तर त्यानं त्या नोटांची रक्कम सरळ उत्पन्नात मिळवली असती. करारात एक आणि वागण्यात दुसरं असेल, तर वागणंच खरं धरलं जातं.

तुमच्याकडे जाल तेव्हा माणसं निवडून बोला. संचालकांकडून धोरण कळेल, पण खरं काय चालतं ते उत्पादन, खरेदी, डिस्पॅच आणि क्वालिटीवाल्यांकडूनच. प्रत्येकाचं म्हणणं तारीख घालून लिहा आणि त्यावर त्यांची सही घ्या.

तिसरी पायरी: पद्धत निवडा

कायद्यात पाच नाव दिलेल्या पद्धती आहेत, आणि सहावी "इतर कोणतीही योग्य पद्धत". सगळ्यात सरळ म्हणजे त्रयस्थ भावाची तुलना. तोच माल, तशाच प्रमाणात, तशाच अटींवर अनोळखी माणसाला काय भावानं विकला ते बघायचं. हळद किंवा साखर निर्यात करणाऱ्याला ही पद्धत बसते, कारण प्रत आणि तारीख धरून बाजारभाव सापडतो. कास्टिंगला ती बसत नाही. ज्या ड्रॉइंगचा माल ओततो, तो जगात दुसऱ्या कुणाला विकतच नाही.

पुनर्विक्रीच्या भावाची पद्धत व्यापाऱ्याला लागू पडते, खर्चावर नफा मिळवायची पद्धत कंत्राटी उत्पादकाला. नफा वाटून घेण्याची पद्धत तेव्हा वापरायची, जेव्हा दोन्ही बाजूंकडे दुसऱ्याकडे नसलेलं काही खास असतं. फोरमनची वही पाहून मला मोह झाला, पण रायझरची अशी हातोटी जिल्ह्यातल्या चांगल्या फौंड्र्यांकडे असतेच, ती एकमेवाद्वितीय नाही. म्हणून पाचवी पद्धत घेतली, जी प्रत्यक्षात सगळ्यात जास्त चालते. तिला टीएनएमएम म्हणतात. आपल्यासारखंच काम करणाऱ्या स्वतंत्र कंपन्यांना खर्चावर किती टक्के नफा राहतो ते काढायचं आणि आपला आकडा त्यात बसतो का ते बघायचं. का घेतली आणि बाकीच्या का सोडल्या, हे दोन्ही लिहून ठेवा. सोडल्याचं कारण लिहिलं नसेल, तर पहिला प्रश्न तोच येतो.

गटाकडून कच्चा माल किंवा टूलिंग आयात होत असेल, तर कस्टम्सचंही बघा. नात्यातल्या आयातीचा भाव कमी दाखवलाय का हे कस्टम्स तपासतं, जास्त दाखवलाय का हे आयकर. दोन्हीकडे एकच कागद द्यावा लागतो, म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगू नका.

चौथी पायरी: तुलनेच्या कंपन्या आणि टक्क्यांचं गणित

प्रोवेस किंवा कॅपिटलाइनसारख्या डेटाबेसमधून फेरस, म्हणजे लोखंडी, कास्टिंग करणाऱ्या कंपन्या काढायच्या. ज्यांचेच व्यवहार मोठ्या प्रमाणात नात्यात आहेत त्या गाळायच्या, सततच्या तोट्यातल्या आणि फार वेगळ्या आकाराच्याही. उरलेल्यांचा चालू वर्ष आणि आधीची दोन वर्षं मिळून भारित सरासरी नफा काढायचा.

समजा आठ कंपन्या उरल्या आणि खर्चावरचा नफा चढत्या क्रमानं असा आला: ३.२, ५.१, ६.४, ७.३, ८.८, ९.६, ११.० आणि १४.५ टक्के. सहा किंवा जास्त कंपन्या असल्या की नियमानं ३५ ते ६५ शतमकाचा (पर्सेंटाइलचा) पट्टा लागतो. आठचे ३५ टक्के म्हणजे २.८, म्हणून तिसरी कंपनी, ६.४. आठचे ६५ टक्के म्हणजे ५.२, म्हणून सहावी, ९.६. आपले ७ टक्के ६.४ आणि ९.६ च्या मध्ये बसतात. हात लावायची गरज नाही.

आता अधिकारी म्हणाला की पहिल्या दोन कंपन्या तुलनेला योग्य नाहीत, एकीत संप होता आणि दुसरी शेतीची अवजारं ओतते. सहा उरल्या. सहाचे ३५ टक्के २.१, म्हणून उरलेल्यातली तिसरी, ८.८. सहाचे ६५ टक्के ३.९, म्हणून चौथी, ९.६. आपण ७ वर, पट्ट्याच्या बाहेर. बाहेर पडलो की पट्ट्याच्या खालच्या टोकाला नाही, थेट मध्यकाला, म्हणजे रांगेतल्या मधल्या आकड्याला, न्यायचं असं नियम सांगतो. मध्यक ८.८ आणि ९.६ ची सरासरी, ९.२. फरक २.२ टक्के. १८ कोटींवर ३९ लाख ६० हजार रुपये उत्पन्नात वाढले, आणि २५.१७ टक्के दरानं जवळपास १० लाखांचा कर. व्याज वेगळं.

कारखान्यात काहीच बदललं नाही, दोन कंपन्या गळल्या एवढंच. म्हणून प्रत्येक कंपनी का ठेवली आणि का गाळली याची एक-एक ओळ फाइलला असू द्या, आणि तुमच्या पट्ट्याच्या कडेला असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल स्वतः वाचा. डेटाबेसच्या एका ओळीवर विसंबू नका. सहापेक्षा कमी कंपन्या उरल्या तर पट्टा जातो आणि साधी सरासरी येते. तिथं सूट अधिसूचनेनुसार मिळते, आजवर घाऊक व्यापाराला १ टक्का आणि इतरांना ३ टक्के अशी.

पाचवी पायरी: तारखा

फॉर्म ३सीईबी हा सीएचा अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत, आणि विवरणपत्र ३० नोव्हेंबरपर्यंत. अहवालाला रकमेची किमान मर्यादा नाही, एक रुपयाचा व्यवहार असला तरी द्यायचा. सविस्तर कागदपत्रं ठेवायचं बंधन मात्र असे व्यवहार १ कोटींच्या वर गेल्यावर येतं. ती कागदपत्रंही ३१ ऑक्टोबरलाच तयार हवीत आणि कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ८ वर्षं जपायची. अधिकाऱ्यानं मागितली की पूर्वी ३० दिवस मिळायचे, २०२३ च्या वित्त कायद्यानं ते १० वर आणले. मुदत वाढवून मिळते, पण दहा दिवसांत शून्यातून फाइल होत नाही, एवढं ध्यानात घ्या.

कागदपत्रं ठेवली नाहीत किंवा व्यवहार कळवला नाही, तर व्यवहाराच्या रकमेवर २ टक्के दंड. १९ कोटींवर तो किती होतो ते तुम्हीच काढा. उलट फाइल वेळेत तयार असेल, व्यवहार जाहीर केलेला असेल आणि काही लपवलेलं नसेल, तर वाढलेल्या उत्पन्नावर कर लागतो पण उत्पन्न कमी दाखवल्याचा ५० टक्के दंड लागत नाही. फाइलचा खर्च इथंच वसूल होतो.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झालाय. २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा. तत्त्वं तीच आहेत, पण कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा जुना नमुना कॉपी करताना डोळे उघडे ठेवा.

सहावी पायरी: आधीच लेखी ठरवून घ्यायचं का?

आबांनी मला विचारलं होतं, "त्या ॲपलनं आयर्लंडमध्ये घेतलं तसं पत्र आपल्याला नाही का मिळत?" प्रश्न अगदी योग्य होता. आयर्लंडच्या कर खात्यानं १९९१ आणि २००७ मध्ये ॲपलच्या कंपन्यांना नफा कसा वाटायचा ते लेखी मान्य करून दिलं होतं. युरोपीय आयोगानं २०१६ मध्ये ते बेकायदा सरकारी मदत ठरवून १३ अब्ज युरो वसूल करायला सांगितलं, आणि १० सप्टेंबर २०२४ ला युरोपीय न्यायालयानं आयोगाचा निर्णय कायम केला. लक्झेंबर्गनं अशी शेकडो पत्रं दिल्याचं नोव्हेंबर २०१४ मध्ये फुटलेल्या कागदांतून जगाला कळलं. पण सगळीच पत्रं पडली असं नाही. फियाटच्या लक्झेंबर्गमधल्या पत्राविरुद्धचा आयोगाचा निर्णय न्यायालयानं २०२२ मध्ये रद्द केला, कारण आयोगानं लक्झेंबर्गच्या स्वतःच्या कायद्याऐवजी वेगळाच मापदंड लावला होता. स्टारबक्सच्या नेदरलँड्समधल्या प्रकरणातही २०१९ मध्ये आयोग हरला. त्यात वादाचा एक मुद्दा तर हिरव्या कॉफीच्या बियांचा होता. स्वित्झर्लंडमधली नात्यातली कंपनी त्या कितीला विकते, एवढाच. हळदीसारखंच.

आपल्याकडे तीन दारं आहेत.

ॲडव्हान्स रूलिंग हे पहिलं. २०२१ पासून त्यासाठी बोर्ड आहे. पण मालाचा बाजारभाव काय, हा प्रश्न तिथं विचारताच येत नाही. व्यवहारावर कर लागतो का, करार कसा वाचायचा, असले प्रश्न तिथले. भावाच्या वादासाठी तिकडे अर्ज करायला निघालेल्या एका गृहस्थांना मी वेळेत थांबवलं.

दुसरं सेफ हार्बर. सरकारनं ठरवलेला टक्का दाखवा, अधिकारी भाव उकरणार नाही. वाहनांच्या मुख्य सुट्या भागांसाठी खर्चावर १२ टक्के, इतर भागांसाठी ८.५ टक्के, हे निदान कर निर्धारण वर्ष २०२६-२७ पर्यंत. ब्रेक आणि एक्सल मुख्य भागांत मोडतात, आणि उलाढालीतला ९० टक्के माल मूळ वाहन उत्पादकांना गेलेला हवा. आमच्या कंपनीनं ७ वरून १२ वर जायचं म्हणजे वर्षाला ९० लाख जादा नफा, २२ लाख ६५ हजार जादा कर. शिवाय हा मार्ग धरला की दोन्ही देशांच्या खात्यांनी बसून दुहेरी कर सोडवायची सोय हातातून जाते. जर्मनीनं ते ९० लाख मानले नाहीत, तर त्याच पैशावर दोनदा कर. मला सेफ हार्बर किरकोळ सेवांसाठी आवडतं, या फौंड्रीसाठी नाही.

तिसरं दार एपीए, म्हणजे सीबीडीटीशी (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाशी) भावाबद्दल आगाऊ करार. २०१२ पासून आहे. पुढची पाच वर्षं, आणि मागची चारही घेता येतात. चालू व्यवहारांसाठी अर्ज ज्या आर्थिक वर्षापासून हवा ते सुरू व्हायच्या आत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत. एकूण व्यवहार १०० कोटींपर्यंत असतील तर फी १० लाख, २०० कोटींपर्यंत १५ लाख, त्यावर २० लाख. मागच्या वर्षांसाठी ५ लाख वेगळे. आमची पाच वर्षांची विक्री ९६ कोटी ३० लाख, म्हणून १० लाखांत बसतो, पण जरा वाढ धरली की पुढच्या टप्प्यात. एकतर्फी करार फक्त भारताला बांधतो, दुतर्फी केला तर जर्मनीलाही, पण त्याला वेळ जास्त लागतो. मार्च २०२५ पर्यंत असे ८१५ करार झाले, त्यातले २०० दुतर्फी. ८१५ या आकड्यावरूनच कळेल की ही अजून मोठ्यांची वाट आहे. व्यवहार दहा-बारा कोटींच्या आत असतील, तर माझा सल्ला: फी वाचवा आणि तो पैसा फाइलवर घाला.

२०२५ च्या वित्त कायद्यानं एक मधली सोय दिली आहे. एका वर्षी ठरलेला भाव तशाच व्यवहारांसाठी पुढच्या दोन वर्षांनाही लावून घेता येतो. मध्यम कंपन्यांना ही सोय जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं.

सातवी पायरी: नोटीस आली तर

सांगलीच्या कंपनीचं प्रकरण ट्रान्सफर प्रायसिंग अधिकाऱ्याकडे पुण्याला जातं. त्यानं वाढ सुचवली की आधी मसुदा आदेश येतो. त्यावर ३० दिवसांत विवाद निवारण पॅनेलकडे हरकत घ्यायची, नाहीतर अंतिम आदेशानंतर नेहमीचं अपील. पुढे न्यायाधिकरण, पुण्यातच खंडपीठ आहे. तुलनेच्या कंपन्यांचा वाद पूर्वी बहुतेक तिथंच संपायचा. १९ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की भाव नियमांप्रमाणे निघाला की नाही हे उच्च न्यायालयही तपासू शकतं.

आणखी एक गाठ आहे. वाढ १ कोटींच्या वर गेली आणि तुम्ही ती मानली किंवा ती अंतिम ठरली, तर तेवढे पैसे परदेशातून ९० दिवसांत प्रत्यक्ष आणावे लागतात, नाहीतर ती रक्कम कर्ज मानून व्याज, किंवा एकदाच १८ टक्के जादा कर आणि त्यावर अधिभार. वाढ १ कोटींच्या आत राहिली तर ही कटकट नाही.

त्या फौंड्रीचा करार आम्ही दुरुस्त करून घेतला. तिकडच्या वकिलाशी चार महिने ईमेल चालले. रिजेक्शनची जबाबदारी आता दोन भागांत आहे, ड्रॉइंगच्या चुकीची जर्मनीकडे आणि ओतकामाच्या चुकीची इथं. पैसे ६० दिवसांत येतात. नव्या कराराला परिशिष्ट म्हणून रायझरच्या आकृत्या जोडल्यात, फोरमननी पेनानं पुन्हा काढून सही केलेल्या. मूळ पेन्सिलीची वही मात्र त्यांनी द्यायला नकार दिला. तिच्या रंगीत झेरॉक्स फाइलमध्ये आहेत, पान ४१ ते ६८.